सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञाचे शिक्षण आणि व्यवसाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाविद्यालयांतील व्याख्यानांनंतर, पत्रांतून आणि दूरध्वनीवरून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. परीक्षांचे नियम आणि विद्यावेतनाच्या रकमा बदलत असतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी त्या त्या वर्षाची जाहिरात स्वतः वाचावी.

१. ऑरगॅनिक केमिस्ट म्हणजे नक्की कोण? औषधाच्या दुकानातला केमिस्ट वेगळा ना?

वेगळा. दुकानातला फार्मासिस्ट तयार औषध हाती देतो; त्या गोळीतला मुख्य रेणू कसा जोडायचा, तो शुद्ध कसा करायचा आणि तो तोच आहे हे कसे सिद्ध करायचे, हे सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञाचे काम. औषधांप्रमाणेच रंग, कीटकनाशके, सुगंधी द्रव्ये आणि प्लॅस्टिक या सर्वांच्या मुळाशी हेच शास्त्र आहे. कार्बनची ही संयुगे केवळ सजीवांतच तयार होतात, या जुन्या समजुतीतून ‘सेंद्रिय’ हे नाव पडले. १८२८ मध्ये फ्रीडरिश व्होलर यांनी प्रयोगशाळेत अमोनियम सायनेटपासून युरिया मिळवला आणि त्या समजुतीला तडा गेला, पण नाव चिकटले ते चिकटलेच. शालेय पुस्तकांतील ‘कार्बनी संयुगे’ हा शब्द अधिक नेमका आहे. तो रूढ झाला असता तर लग्नकार्यात भेटणाऱ्या नातेवाइकांनी आम्हाला सेंद्रिय गूळ कुठे चांगला मिळतो हे विचारले नसते.

२. बी.एस्सी. केमिस्ट्रीनंतर एम.एस्सी. कुठे करावी? ‘जॅम’ दिलीच पाहिजे का?

आयआयटीत एम.एस्सी. करायची असेल तर जॅम द्यावी लागते. ही तीन तासांची, १०० गुणांची, संगणकावर होणारी परीक्षा असते. तिच्यातील ६० प्रश्नांपैकी काहींना एकच पर्याय बरोबर असतो, काहींना एकाहून अधिक, तर काहींत आकडा स्वतः भरावा लागतो. चुकीच्या उत्तराचे गुण फक्त पहिल्या प्रकारात कापले जातात. हे ठाऊक नसल्याने आकडा भरायचे प्रश्न कोरे सोडून येणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात.

जॅम जमली नाही म्हणून वाट बंद होत नाही. राज्यातील विद्यापीठे आणि त्यांची संलग्न महाविद्यालये यांतही एम.एस्सी. होते, आणि अनेक ठिकाणी दुसऱ्या वर्षी ऑरगॅनिक ही विशेष शाखा घेता येते. उद्योगात मागणी असल्याने या शाखेच्या जागा आधी भरतात. निवड करताना इमारतीपेक्षा प्रात्यक्षिकाचा तास पाहावा. एका मिश्रणातील दोन पदार्थ स्वतः वेगळे करून ओळखायला लावतात, की चौघांच्या गटात एक जण काम करतो आणि तिघे वही उतरवतात, एवढे कळले तरी पुष्कळ कळले.

३. नेट, सेट आणि गेट यांत फरक काय? कशासाठी कोणती?

सीएसआयआर-यूजीसी नेटच्या ‘रासायनिक विज्ञान’ विषयातून मुख्यतः दोन गोष्टी मिळू शकतात: सहायक प्राध्यापकपदासाठीची पात्रता आणि, गुण पुरेसे वर असतील तर, संशोधनासाठी जेआरएफ ही अधिछात्रवृत्ती. परीक्षा २०० गुणांची असून तिचा ‘क’ भाग निर्णायक ठरतो, कारण त्यात ६० पैकी २५ प्रश्न सोडवायचे असतात आणि प्रत्येकाला ४ गुण असतात. त्यातले कोणते ३५ सोडायचे हे ठरवणे हीच अर्धी परीक्षा.

सेट ही महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. ती अवघड असल्याची ख्याती असली, तरी तिच्यामुळे फक्त अध्यापनाची पात्रता मिळते, विद्यावेतन मिळत नाही. गेटचे गुण तीन वर्षे ग्राह्य धरतात. काही संस्थांतील पीएच.डी. प्रवेशासाठी आणि काही सार्वजनिक उपक्रमांतील भरतीसाठी ते उपयोगी पडतात. संशोधन करायचे पक्के असेल तर नेटला अग्रक्रम द्यावा, कारण स्वतःचे विद्यावेतन घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याला मार्गदर्शक निवडण्याची मोकळीक अधिक असते (प्रश्न ५ पाहावा).

४. पीएच.डी.ला किती वर्षे लागतात आणि तोवर पोट कशावर भरायचे?

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार किमान तीन आणि कमाल सहा वर्षे, आणि त्यानंतर पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षांपर्यंत मुदतवाढ. प्रत्यक्षात सेंद्रिय संश्लेषणात पाच वर्षे धरून चालावे. जेआरएफचे विद्यावेतन जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी एसआरएफ (वरिष्ठ अधिछात्र) झाल्यावर ४२,००० रुपये असे ठरले. घरभाडे भत्ता वेगळा. राज्यातील त्या त्या समाजघटकांतील विद्यार्थ्यांसाठी बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्याही आहेत. विद्यावेतन दर महिन्याच्या पहिल्या तारखेला जमा होईलच, असे मात्र कधीही गृहीत धरू नये. तीन महिन्यांचे भाडे बाजूला ठेवून पुण्या-मुंबईत खोली घ्यावी.

५. गाईड निवडताना नाव बघावे की संस्था?

आधी माणूस, मग विषय, मग संस्था. पुण्याच्या पाषाण भागातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (१९५०), माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था, जिला जुने लोक अजूनही यूडीसीटीच म्हणतात (१९३३), विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची पुण्यातील केंद्रीय संस्था आयसर (२००६) आणि आयआयटी मुंबई ही नावे मोठीच आहेत. पण विद्यार्थ्याची पाच वर्षे संस्थेत जात नाहीत. ती एका खोलीत, एका फ्युमहूडसमोर (वाफा बाहेर ओढणाऱ्या काचेच्या कपाटासमोर) आणि एका माणसाच्या स्वभावाच्या छायेत जातात.

म्हणून अर्ज करण्याआधी त्या प्रयोगशाळेत संध्याकाळी सातच्या सुमारास जावे आणि विद्यार्थ्यांशी चहावर बोलावे. मागील पाच विद्यार्थ्यांना किती वर्षे लागली, ते आज कुठे आहेत, शोधनिबंधात पहिले नाव कोणाचे येते आणि प्रयोग फसला तर सर काय म्हणतात, हे चार प्रश्न पुरेत. यांतील शेवटच्या प्रश्नावर विद्यार्थी एकमेकांकडे पाहू लागले, तर उत्तर मिळाले असे समजावे.

घराण्याचा विचारही करावा. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट रॉबिन्सन यांच्याकडे मँचेस्टरला शिकलेले के. वेंकटरामन पुढे यूडीसीटीत आले, १९५७ मध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले, आणि ‘बेकर–वेंकटरामन पुनर्रचना’ या अभिक्रियेमुळे त्यांचे नाव आजही एम.एस्सी.च्या उत्तरपत्रिकांत लिहिले जाते. त्यांच्यानंतरचे संचालक बाळ दत्तात्रेय टिळक हेही ऑक्सफर्डमध्ये रॉबिन्सन यांच्याच हाताखाली घडले होते. रंगांच्या रसायनशास्त्राचा एक वारसा असा मुंबई-पुण्यात रुजला. शास्त्र पुस्तकात असते. हात मात्र गुरूकडून शिष्याकडे जातो.

व्यवहाराचीही एक गोष्ट तपासावी. सहायक प्राध्यापकाला एका वेळी ४, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि प्राध्यापकाला ८ पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी अवधी असलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही, त्यामुळे मार्गदर्शकाचे वय विचारण्यात संकोच करू नये.

६. प्रयोगशाळेत दिवसभर नेमके काय करतात? व्हिडिओत तर रंगीत धूर दिसतो.

रंगीत धूर दिसला तर काहीतरी चुकले आहे. साधारण दिवस असा असतो: सकाळी आरबी (गोल बुडाचा) फ्लास्क ओव्हनमधून काढून नायट्रोजनखाली थंड करायचा, कोरडा सॉल्व्हंट घालायचा, बर्फात ठेवून अभिकर्मक थेंबाथेंबाने सोडायचा. दर अर्ध्या तासाने टीएलसी, म्हणजे अभिक्रिया कुठवर आली हे दाखवणारी पट्टीवरची चाचणी. काचनळीच्या टोकाने पट्टीवर तीन ठिपके द्यायचे: सुरुवातीचा पदार्थ, दोन्हींचे मिश्रण आणि चालू अभिक्रिया. पट्टी हेक्झेन आणि इथाइल ॲसिटेटमध्ये चढवून अतिनील दिव्याखाली पाहायची. काहीच दिसले नाही तर परमँगनेटमध्ये बुडवून तापवायची. सुरुवातीचा ठिपका नाहीसा झाला की अभिक्रिया थांबवायची, सेपरेटिंग फनेलमध्ये थर वेगळे करायचे, सोडियम सल्फेटवर सुकवायचे, रोटाव्हेपरवर सॉल्व्हंट उडवायचा. दुपारनंतर सिलिकाचा कॉलम, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करणारी सिलिकाने भरलेली उभी नळी. पन्नास-साठ परीक्षानळ्या ओळीने भरत जातात आणि आपला पदार्थ नेमका जेवणाच्या वेळी उतरतो.

त्यानंतर एनएमआर, म्हणजे रेणूची रचना आलेखावरील शिखरांतून दाखवणारी तपासणी. नवख्याची पहिली फसगत येथे होते. एस्टर बनवायला निघालेला विद्यार्थी ४.१२ ला सुरेख चौपदरी शिखर पाहून आनंदाने धावत येतो. त्याला सोबतची १.२६ आणि २.०४ ची शिखरे दाखवावी लागतात: बाबा रे, हा तुझा एस्टर नव्हे, कॉलममधून उरलेला इथाइल ॲसिटेट आहे, फ्लास्क पुन्हा पंपाला लाव. ‘मी काय बनवले’ याइतकेच ‘ते बनले हे मला कशावरून कळले’ हे महत्त्वाचे असते. पुढे कोणत्याही मुलाखतीत, मग ती कंपनीची असो वा विद्यापीठाची, प्रश्न फिरून फिरून याच ठिकाणी येतो.

७. वर्षभर काम करूनही रेणू तयार होत नाही. माझ्यात काही कमी आहे का?

बहुधा नाही, गणित पाहावे. दहा पायऱ्यांचे संश्लेषण असेल आणि प्रत्येक पायरीत ८० टक्के उतारा मिळत असेल, जो चांगलाच म्हणावा लागेल, तरी शेवटी हाती सुमारे ११ टक्के उरतात. एक पायरी ३० टक्क्यांची निघाली की तेही ४ टक्क्यांवर येतात. म्हणून पहिल्या पायऱ्या मोठ्या प्रमाणावर करून साठा ठेवायचा असतो, आणि आठव्या पायरीवरचा सगळा माल एकाच प्रयोगात घालायचा नसतो. फसलेला प्रयोगही वहीत त्याच दिवशी, वजनांसह लिहावा. एखाद्या अनपेक्षित उपउत्पादनातून प्रबंधाचे नवे प्रकरण निघते, पण ते उपउत्पादन कॉलमवरून फेकून दिलेले नसावे लागते.

८. एम.एस्सी. ऑरगॅनिकनंतर थेट नोकरी धरली तर? क्यूसी, प्रॉडक्शन की आर अँड डी?

तारापूर, अंबरनाथ, तळोजा, पाताळगंगा, महाड, लोटे आणि कुरकुंभ या औद्योगिक वसाहतींत एम.एस्सी. झालेल्यांना काम मिळते. क्यूसीत पदार्थाची तपासणी असते, एचपीएलसी या मिश्रणातले घटक मोजणाऱ्या यंत्रावर हात बसतो आणि काम नियमांत बांधलेले असते. प्रॉडक्शनमध्ये पाळ्या असतात, रात्रपाळी चुकत नाही, पण रिॲक्टर कसा वागतो हे तेथेच कळते. आर अँड डीत आणि परदेशी कंपन्यांसाठी करारावर रेणू बनवून देणाऱ्या संशोधन कंपन्यांत संश्लेषणाचे काम मिळते. बंगळूर आणि हैदराबाद येथे अशा कंपन्या अधिक आहेत.

माझे मत विचारणाऱ्यांना सांगतो की संश्लेषणाची आवड असेल तर पहिली नोकरी क्यूसीत धरू नये. तेथून आर अँड डीत येणे शक्य असते, पण दोन वर्षांनंतर मुलाखत घेणारे ‘तुम्ही शेवटचा कॉलम कधी लावला’ असे विचारतात. उलट दिशेचा प्रवास सोपा असतो. औषध उत्पादनाचा परवाना पाहता आणखी एक बाब ध्यानात ठेवावी: रसायनशास्त्र हा मुख्य विषय असलेल्या विज्ञान पदवीधराला औषधनिर्मितीचा तीन वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव असेल, तर उत्पादनावर देखरेख करणारा तज्ज्ञ कर्मचारी म्हणून त्याला मान्यता मिळू शकते. जाहिरातींत ‘एफडीए अप्रूव्ह्ड केमिस्ट’ म्हणतात तो हाच.

९. प्रोसेस केमिस्ट्री म्हणजे तेच काम मोठ्या भांड्यात करणे ना?

या एका गैरसमजाने अनेक बॅचेस वाया घालवल्या आहेत, त्यांत माझीही एक आहे. एका कंपनीत असताना १०० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये उत्तम चालणारी एक अभिक्रिया आम्ही मोठ्या रिॲक्टरमध्ये नेली. फ्लास्क बर्फात ठेवून त्यातल्या अमाइनमध्ये ॲसिड क्लोराइड दहा मिनिटांत टाकून व्हायचे. प्लँटमध्ये तापमान चढू लागल्याने तेच टाकायला सहा तास लागले, आणि तेवढ्या वेळात तयार झालेला पदार्थ उरलेल्या अमाइनशी पुन्हा भिडत राहिला. सकाळी पाळी बदलताना ऑपरेटरने नमुन्याची बाटली उंच धरून ‘साहेब, रंग बघा’ एवढेच म्हटले. पांढरा यायला हवा होता, तो विटकरी आला होता.

कारण साधे आहे. उष्णता भांड्याच्या भिंतीतून बाहेर जाते, आणि आकारमान वाढते त्या प्रमाणात भिंत वाढत नाही. १०० मिलिलिटरवरून ५,००० लिटरवर जाताना आकारमान ५०,००० पट होते, तर प्रत्येक लिटरच्या वाट्याला येणारी भिंत सुमारे ३७ पटींनी घटते. म्हणून प्रयोगशाळेतच अभिकर्मक मुद्दाम सहा तास सोडून पाहायचा, हे मी त्या बॅचनंतर शिकलो. त्याशिवाय येथे कॉलम नसतो, स्फटिकीकरणानेच शुद्ध करावे लागते. ईथरसारखा भडकणारा सॉल्व्हंट टाळावा लागतो. बहुतेक औषधांत एखादी अशुद्धी ०.१० टक्क्यांच्या वर गेली की ती कोणती हे ओळखून दाखवावे लागते.

भारतात ही शाखा एवढी फोफावली याला कायद्याचे कारण आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधांच्या बाबतीत पदार्थावरचे पेटंट काढून टाकले आणि फक्त कृतीवरचे ठेवले. तोच रेणू वेगळ्या मार्गाने बनवणे कायदेशीर झाले आणि वेगळा मार्ग शोधणाऱ्याला मोल आले. २००५ पासून पदार्थाचे पेटंट परत आले, तरी तोवर मार्ग शोधणाऱ्यांची एक पिढी तयार झाली होती.

१०. पोस्ट-डॉक करायला परदेशी जायलाच हवे का?

पोस्ट-डॉक म्हणजे पीएच.डी.नंतर दुसऱ्या प्रयोगशाळेत केलेले संशोधन. कंपनीत जायचे असेल तर त्यासाठी परदेशी जायला बहुधा नको. आयसर किंवा आयआयटीत प्राध्यापक व्हायचे असेल तर, आवडो वा न आवडो, निवड समित्या बाहेरचा अनुभव पाहतात. जाताना पीएच.डी.चाच विषय पुढे ओढू नये. एक नवे तंत्र शिकून यावे. परतण्यासाठी रामानुजन अधिछात्रवृत्ती आणि इन्स्पायर फॅकल्टी या योजना आहेत. त्यांची पात्रता वय आणि अनुभवाशी बांधलेली असल्यामुळे परतीची तयारी परदेशातील पहिल्याच वर्षी सुरू करावी.

११. कॉलेजात प्राध्यापक व्हायला पीएच.डी. सक्तीची आहे का?

सहायक प्राध्यापकपदासाठी नाही. विद्यापीठ विभागांत पीएच.डी. अनिवार्य करण्याचे ठरले होते, ते लांबत गेले आणि जून २०२३ च्या अधिसूचनेने नेट किंवा सेट ही किमान पात्रता कायम राहिली. बढतीसाठी पीएच.डी. लागते. खरी अडचण पात्रतेची नसून जागांची आहे. तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, वर्षानुवर्षे शिकवणारे नेट उत्तीर्ण आणि पीएच.डी.धारक या राज्यात कमी नाहीत. उन्हाळ्याच्या सुटीत त्यांचे उत्पन्न थांबते. ही बाजू माहीत असूनही शिकवण्याचीच ओढ असेल तर जरूर यावे, मात्र जोडीला प्रयोगशाळेतील हात चालू ठेवावा.

१२. मुलींना या क्षेत्रात अडचणी येतात का? गरोदरपणात प्रयोगशाळेत काम करता येते का?

असीमा चॅटर्जी यांनी १९४४ मध्ये कलकत्ता विद्यापीठाची डी.एस्सी. मिळवली आणि सदाफुलीसारख्या वनस्पतींतील अल्कलॉइडांवर आयुष्यभर काम केले. १९६१ मध्ये भटनागर पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत्या. क्षमतेचा प्रश्न तेव्हाच निकालात निघाला. अडचण आजही येते ती रात्रपाळीच्या, वाहनाच्या आणि ‘लग्न कधी’ या मुलाखतीत विचारल्या जाणाऱ्या अनुचित प्रश्नाच्या रूपाने.

गरोदरपण लक्षात येताच मार्गदर्शकाला किंवा वरिष्ठांना सांगावे आणि डाइमिथाइलफॉर्मामाइडसारखे गर्भाला घातक मानले गेलेले सॉल्व्हंट हाताळणे थांबवावे. डॉक्टरांना रसायनांची यादीच दाखवावी. पीएच.डी.च्या काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळू शकते, आणि महिला संशोधकांना कमाल मुदतीत दोन वर्षांची जादा सवलत आहे (मूळ मुदतीसाठी प्रश्न ४).

१३. रसायनांमुळे आयुष्य कमी होते असे घरचे म्हणतात. खरे आहे का?

धोका रसायनात असतो तसा सवयीतही असतो. डिसेंबर २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील प्रयोगशाळेत हवेचा स्पर्श होताच पेटणारे टर्ट-ब्युटिललिथियम सिरिंजने काढताना दट्ट्या निसटला. काम करणाऱ्या तरुणीच्या अंगावर लॅब कोट नव्हता, कृत्रिम धाग्याचा स्वेटर होता, आणि भाजल्यामुळे पुढील महिन्यात तिचा मृत्यू झाला. म्हणून सुती कोट, चश्मा, चालू फ्युमहूड, आणि रात्री एकट्याने असे काम न करणे. उन्हाळ्यात कोट नकोसा होतो हे मान्य; तरीही.

१४. नोकरी करत असताना पीएच.डी. करता येते का? कंपनीतले काम प्रबंधात घालता येईल का?

अर्धवेळ पीएच.डी.ला २०२२ च्या नियमांत वाव आहे. त्यासाठी मालकाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. दुसऱ्या भागाचे उत्तर लेखी परवानगीशिवाय ‘नाही’ असेच आहे. परवानगी मिळाली तरी क्रम सांभाळावा: आधी पेटंट अर्ज, मग शोधनिबंध, भित्तिपत्रक किंवा परिषदेतील भाषण. एकदा जाहीर झालेली गोष्ट नवी राहत नाही आणि पेटंट हातचे जाऊ शकते. आणखी एक भेद अनेकांना ठाऊक नसतो. शोधनिबंधात मदतनीसाचे नाव उदारपणे घालता येते, पण पेटंटमध्ये संशोधक म्हणून नाव येण्यासाठी कल्पनेत वाटा असावा लागतो. सांगितलेला प्रयोग कितीही कौशल्याने केला, तरी तेवढ्याने ते नाव लागत नाही.

१५. प्रयोगशाळा सोडायची आहे, पण रसायनशास्त्र सोडायचे नाही. काय करता येईल?

विज्ञान किंवा अभियांत्रिकी पदवीधर भारतीय नागरिक वयाच्या २१ व्या वर्षानंतर पेटंट एजंटची परीक्षा देऊ शकतो. ज्याने स्वतः रेणू बनवले आहेत त्याला दाव्यातील शब्दाची किंमत लवकर कळते. न्यायवैद्यक प्रयोगशाळा, औषधांच्या नोंदणीची कागदपत्रे आणि रसायनांची खरेदी-विक्री हीही क्षेत्रे आहेत. कोठेही जाताना वही आणि स्पेक्ट्रम वाचण्याची सवय सोबत न्यावी.

१६. साठीनंतर या व्यवसायातल्या माणसाला काही काम उरते का?

ए. व्ही. रामाराव यांचे उदाहरण पुरेसे आहे. यूडीसीटीत शिक्षण, पुण्यात वेंकटरामन यांच्याकडे पीएच.डी., मग तेथेच संशोधन आणि १९८५ पासून हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेचे संचालकपद, असा त्यांचा प्रवास. एड्सवरील एझेडटी या औषधाची स्वस्त कृती त्यांच्या चमूने तेथे विकसित केली आणि ती सिप्लाकडे गेली. १९९५ मध्ये, साठाव्या वर्षी, ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षी हैदराबादमध्ये त्यांनी अव्रा लॅबोरेटरीज ही स्वतःची कंपनी सुरू केली. पद्मभूषण मिळाले ते त्यानंतर २१ वर्षांनी.